काम कुणी केलं?

नव्वद सालच्या त्या सकाळी परभणीला दत्तराव सरांच्या बैठकीत लग्नघरासारखी गर्दी होती, आणि कारण काय, तर एक फोन. कॅनडातल्या एका विद्यापीठाचे लोक मनकर्णाची मुलाखत फोनवर घेणार होते. तिच्या भाड्याच्या खोलीत कुठला आलाय फोन, म्हणून अर्जात तिनं सरांचाच नंबर दिला होता. सरांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, फोनवरचं भरतकामाचं झाकणसुद्धा धुऊन इस्त्री केलं होतं. मनकर्णाची आई भागुबाई पालमहून पहिल्या एस.टी.नं आली होती. नोकरी एकीची आणि घाम सगळ्या गल्लीला!

मनकर्णा मेंढपाळ येडबाची लेक. ती लहान असताना कोवळी ज्वारी खाऊन त्यांच्या मेंढ्या पटापट मेल्या, तेव्हापासून कोवळ्या ज्वारीतलं ते विष तिच्या डोक्यात बसलं. इथल्या कृषी विद्यापीठात सरांच्या हाताखाली वर्षानुवर्षं खपून तिनं असं वाण काढलं, की कोवळं खाल्लं तरी जनावराला काही होत नाही. कॅनडावाल्यांना चाऱ्याच्या पिकांवर संशोधन करणारं आणि शिकवणारं माणूस हवं होतं. इथली तिची तात्पुरती नोकरी उन्हाळ्यात संपत होती. ही जागा हुकली, की गाशा गुंडाळून पालमला.

पण अर्ज लिहिताना पोरीनं घोळ घातला होता. मोठ्यांच्या देखत स्वतःची टिमकी वाजवायची नाही, ही आपल्याकडची रीत. तिनं पानभर लिहिलं होतं: सरांनी वाट दाखवली, सरांच्या कृपेनं झालं. कॅनडात कृपेला कोण विचारतो!

फोन वाजला. सुरुवातीचे प्रश्न सुरळीत गेले. मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सगळं तुमच्या सरांनीच केलेलं दिसतं. मग आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

मनकर्णानं मान खाली घातली. समोर खुर्चीत खुद्द सर बसलेले.

"काय इचारायलेत गं?" भागुबाई कुजबुजली.

मनकर्णानं रिसीव्हरवर हात ठेवला. "म्हनायलेत, काम कुनी केलं?"

"मंग सांग की! वावरात उन्हातान्हात कोन मरायलं व्हतं? मी बगितलंय न्हवं!"

मनकर्णानं सरांकडं पाहिलं. या वेळी मान खाली घातली नाही. हात काढला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "मी. वाण मी निवडलं. विष मी मोजलं. माझ्या वडिलांच्या मेंढ्यांना तो चारा मीच घातला, आणि एकही मेली नाही. सरांनी मला शिकवलं, पण हे काम माझं आहे."



"हे तुमचे सर सांगतील?" पलीकडून बाईंनी विचारलं.

सर उठले. त्यांनी रिसीव्हर घेतला, इंग्रजीत दोनच वाक्यं बोलले आणि तो परत तिच्या हातात दिला. पलीकडं जरा वेळ कुजबुज झाली. मग बाईंचा हसरा आवाज आला, "सप्टेंबरपासून शिकवायला येता?"

मनकर्णानं हो म्हणून रिसीव्हर ठेवला आणि आईकडं वळली. "घेतलं, माय! तिकडच्या पोरांना मी शिकवनार!"

भागुबाई पदर तोंडाला लावून हसली, रडली, पुन्हा हसली. मनकर्णा सरांच्या पाया पडायला वाकली, तर सरांनी तिला मधेच धरलं आणि जमलेल्या गल्लीकडं वळले.

"इंग्रजीत बोललो ते तुमाला कळलं नसंल," सर मोठ्यानं म्हणाले. "मराठीत सांगतो. काम हिनं केलं. मी निस्ता सह्या करत होतो!"