माझी भुणभुण काढू नका

मित्रांनो, मी गिटार आहे. विजेवर चालणारी, आता जुनी झालेली आणि पहिल्या दिवसापासून स्वस्त. स्वस्त हा शब्द लोक माझ्या तोंडावर वापरतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. महागड्या गिटारी काचेच्या कपाटात राहतात आणि त्यांना फक्त फडकं मारणारा माणूस हात लावतो. माझ्या नशिबी निदान काही वर्षं तरी भरपूर हात होते.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अंग हलक्या लाकडाचं. ते कोणत्या झाडाचं हे कारखान्यालाही नक्की ठाऊक नसावं. मान तेवढी कठीण लाकडाची. माझ्या कपाळावर ज्या कंपनीचं नाव आहे, ते मी माझं कपाळ सोडून दुसरीकडे कुठेही वाचलेलं नाही. यंत्राने मला घडवलं आणि यंत्रानेच खोक्यात घातलं, त्यामुळे बालपणाच्या आठवणी बेताच्याच आहेत.

खोकं उघडलं ते सांगलीत, धवलच्या वाद्यांच्या दुकानात. तिथे एक दिवस कराडकडचा एक कॉलेजचा पोरगा आला. नाव रविराज. सोबत त्याचे वडील लालासाहेब होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, घरचा ऊस, आणि खरसुंडीच्या बाजारात खिलार बैल पारखण्यात हयात गेलेली. गिटार त्यांनी आयुष्यात जवळून पाहिली नव्हती. पण बैल पारखणाऱ्या माणसाला जगात दुसरं काही अवघड वाटत नाही. त्यांनी मला उचललं, एक डोळा मिटला आणि शेपटाकडून मानेवर नजर टाकली. मग पाठीवर दोन टिचक्या मारल्या. मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मान सरळ हाय," ते म्हणाले. "कडा टोचत्यात. अंगानं लय हलकी. आत काय थर्माकोल भरलाय का?"

"आबा, बैल न्हाई त्यो," रविराज दबक्या आवाजात म्हणाला.

"ते दिसतंय मला. बैल आसता तर दात बघितलं आसतं."

धवल हसला नाही. "काका, तुम्ही बरोबर बघताय. स्वस्त गिटारीत पहिल्यांदा मानच बघायची. कडा घासून देतो. अंग हलकं असलं तर गळ्यात अडकवायला बरं."

मग त्याने मला वायर जोडली आणि छोटा अँप्लिफायर चालू केला. त्याबरोबर माझ्यातून भुणभुण सुरू झाली. मधमाश्यांच्या पोळ्यावर धोंडा बसल्यावर यावी तशी.

"हे काय?" लालासाहेबांनी विचारलं.

"या किमतीत एवढं चालायचंच. घरातली वीज, ट्यूबलाइट, सगळ्यांचं ती ऐकते. वाजवायला लागलं की कळत नाही."

अशा रीतीने एक खोड सांगून मला विकण्यात आलं. मित्रांनो, लग्नं जमवतानाही एवढा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो.

रविराज गावच्या बेंजो पार्टीत शिरला. लग्नाच्या वरातीत टेम्पोवर बेंजो, ढोल, ताशा आणि मी. सुरुवातीला पारावरचे म्हातारे विचारायचे, "पोरगं वाजिवतंय का खाजिवतंय?" वर्षभरात तेच म्हातारे नातवाच्या वरातीला "गिटारवाला पोरगा आणा" म्हणू लागले. कौतुक म्हणतात ते हेच असावं.

घरी त्याची एक सवय होती. दिवेलागणीला आला की हातपाय धुवायच्या आधी डब्याचं बटण दाबायचा. त्या अँप्लिफायरला घरात डबाच म्हणत. माझी भुणभुण घरभर पसरायची आणि चुलीपाशी त्याची आई, मनुबाई, न बघताच म्हणायची, "आला वाटतं." तिने माझं वाजणं मन लावून ऐकल्याचं मला आठवत नाही. भुणभुण मात्र ती ऐकायची.

म्हसवडच्या यात्रेला आमची पार्टी गेली होती. काम संपल्यावर मी टेम्पोत बसून पुढे आले. रविराज मित्राच्या मोटारसायकलवर मागून येणार होता. साखर कारखान्यांचा हंगाम होता. रस्त्यात उसाच्या दोन ट्रॉल्या बंद पडून उभ्या होत्या. मागे दिवा नाही, लाल कापड नाही. टेम्पोवाल्याने मला ओसरीवर टेकवलं तेव्हा मनुबाई त्याला म्हणाली, "ही बरी आली! वाजिवणारा कुठाय?"

टेम्पोवाल्याला तोवर फोन आला होता. त्याने लालासाहेबांना बाजूला घेतलं.

वर्षश्राद्ध होईपर्यंत रविराजच्या कुठल्याही वस्तूला कुणी हात लावायचा नाही, असं मनुबाईने ठरवून टाकलं. त्याआधी मला डब्याशेजारी भिंतीला टेकवून वायर तेवढी जोडून घेतली. खंडेनवमीला घरातल्या विळ्या-कोयत्यांबरोबर माझ्यावरही हळद-कुंकू उधळलं आणि झेंडूची माळ घातली. तीही लांबूनच. पण रोज दिवेलागणीला ती देवापुढे दिवा लावायची आणि मग येऊन डब्याचं बटण दाबायची. मी भुणभुणू लागायचे. ती उंबऱ्यात बसायची. "आला," म्हणायची.

लालासाहेब तेवढ्यात शेताकडे निघून जायचे. धाकटी लेक क्रांती पुस्तकात डोकं खुपसायची. शेजारच्या बायका अंगणापर्यंत यायच्या, कान द्यायच्या आणि हात जोडून परत जायच्या. कुणीतरी माझ्यापुढे नारळ ठेवला. मित्रांनो, माझ्या दर्जाच्या गिटारीला एवढा मान सहसा मिळत नाही. पण खरं सांगते, मला भीती वाटायची. तो माझ्यात नव्हता. मी खूप शोधलं. माझ्यात तारा होत्या, गंज होता, हळद होती. आणि दाराकडे बघत बसलेल्या त्या बाईला मी रोज सांगत होते की तो आलाय.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. भरदुपारी आई शेतात गेली की क्रांती माझी वायर काढायची, मला मांडीवर घ्यायची आणि वाजवायची. विजेशिवाय माझा आवाज ओसरीपर्यंतही जात नाही. ती तशीच शिकली, जवळजवळ मुक्याने. मग वायर पुन्हा लावून मला होतं तसं टेकवायची.

वर्षश्राद्ध झालं आणि लालासाहेब म्हणाले, "इकून टाकू. गाव येडं म्हणतंय तुला."

"म्हणू दे."

"मला ऐकवत न्हाई गं त्यो आवाज."

मनुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. लालासाहेबांना तिने असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग मी बी येती संगं."

क्रांतीसकट तिघंही मला घेऊन सांगलीला धवलच्या दुकानात आले. धवलने मला टेबलावर आडवं केलं आणि पाठीचं झाकण काढलं. आतून पिवळी पूड सांडली.

"काका, सांगलीत हळद पिकते म्हणून गिटारीत भरायची नसते."

मग त्याने सगळं रीतसर तपासलं. मानेवर नजर टाकली. मानेवरच्या प्रत्येक पट्टीवर तार दाबून ती कुठे खरखरते का ते ऐकलं. खुंट्या फिरवून सूर टिकतो का पाहिलं. बटणं फिरवून आतला कचरा ऐकला. "मान अजून सरळ आहे," तो म्हणाला. "स्वस्तातल्या गिटारीच्या माना पावसाळ्यात वाकतात. ही चांगली निघाली. तारा गेल्यात. आत तांब्याचा पत्रा लावून भुणभुण काढतो, मग गिऱ्हाईक येईल." आणि तो थांबला. मानेवरून बोट फिरवून त्याने ते उजेडात धरलं. "पण ही वाजवतं कोण? अंगावर एवढी धूळ आणि पट्ट्या स्वच्छ. रोज बोटं फिरल्याशिवाय असं होत नाही."

क्रांतीने बोटं मुठीत मिटली.

मनुबाईचा आवाज बारीक झाला. "म्या म्हणत हुते. म्हणत हुते का न्हाई? येतोय त्यो. तुमाला खरं वाटत नव्हतं."

लालासाहेबांनी टेबलाची कड धरली. क्षणभर त्यांच्याही चेहऱ्यावर तेच दिसलं. यावा. खोटं का असेना, यावा.

"आई," क्रांती म्हणाली.

"गप गं."

"आई, मी वाजिवती. तू रानात गेल्यावर. दादा न्हाई. मी."

मनुबाईने लेकीकडे पाहिलं. तिने पोरीचा हात ओढून घेतला आणि बोटं उलटी करून बघितली. टोकांना घट्टे होते. बराच वेळ ती ते घट्टे चाचपत राहिली. कुणाचं काय गेलं ते मला तेव्हा दिसलं. एका वर्षात तिचा मुलगा दुसऱ्यांदा गेला होता.

"आणि ती भुणभुण?" तिने धवलला विचारलं. "ती बी हीच करती?"

"नाही मावशी. ती विजेची आहे. गिटारीतला दोष आहे तो."

त्याने वायर जोडून दाखवलं. मी भुणभुणले. माझा इलाज नव्हता. मनुबाईने डोळे मिटले.

"वाजीव," ती लेकीला म्हणाली.

क्रांतीने मला घेतलं आणि तारांवर हात ठेवला. भुणभुण एकदम थांबली. आमच्या जातीत हे असंच असतं. माणसाचा हात तारांना लागला की आवाज विरतो. क्रांतीलाही ते ठाऊक नव्हतं, ती नेहमी विजेविना वाजवायची. मनुबाईने दचकून डोळे उघडले.

"कुठं गेला?"

क्रांतीने हात उचलला. भुणभुण. ठेवला. शांत.

"सरक," मनुबाई म्हणाली. वर्षभर जिने माझ्यावर लांबून फुलं टाकली होती, तिने आपला कोयता धरणारा खरबरीत तळवा माझ्या सहाही तारांवर ठेवला. मी गप्प झाले. ती तशीच उभी राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बाई उभी राहते तशी.

"हात लावला की निजतोय," ती म्हणाली. "आणि म्या वर्षभर नुसती ऐकत बसली."

लालासाहेबांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या बासऱ्या मोजल्यासारखं केलं. धवलने खालच्या आवाजात विचारलं, "मग पत्रा लावू का?"

"नगं. तारा तेवढ्या नव्या घाला. पोरीची बोटं कापत्यात."

मित्रांनो, माझी किंमत ठरली नाही ती नाहीच. धवलने अंदाजसुद्धा सांगितला नाही. तुमच्या घरात कुणाचं काही मागे राहिलं असेल, चष्मा, सायकल, माझ्यासारखं एखादं सुमार वाद्य, तर त्याला हार घालून भिंतीला टेकवू नका. हात लावा. आम्ही वस्तू आहोत, आम्हाला त्यातलं फार कळत नाही. पण नुसतं पाहून आम्ही गप्प होत नाही.

आता दिवेलागणीला डबा सुरू होतो तेव्हा आधी मनुबाई माझ्यापाशी बसते, तारांवर हात ठेवून. मग ती हात उचलते आणि क्रांती मला मांडीवर घेते. त्या दोन हातांच्या मध्ये क्षणभर माझ्यावर कुणाचाच हात नसतो आणि मी भुणभुणते. तेवढ्या वेळात लालासाहेब शेताकडे जायला उठलेले असले, तरी उंबऱ्यात थांबतात.