नवी डिस्क आणि गेलेले अकरा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. टीव्हीखालच्या फळीवर बसायचं आणि सांगितलेले कार्यक्रम टिपून ठेवायचे, हे माझं काम. कारखान्यात माझ्या पोटात एक डिस्क बसवली आणि त्या दिवसापासून मला स्वस्थता ठाऊक नाही. टीव्ही बंद झाला की त्याचं काम संपतं. माझी डिस्क मात्र गरगरतच असते. एखादा कार्यक्रम हुकेल, ही धास्ती काही सुटत नाही.

तेरा वर्षांपूर्वी मी नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्याकाठच्या गावात, विब्रन आणि त्याची बायको हिस्के यांच्या घरी आलो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारी कॉफीला आले की हिस्के चालू बातम्या मध्येच थांबवून दाखवायची. बातम्या देणारी बाई तोंड उघडं ठेवून थांबली की सगळे हसायचे.

पुढच्याच हिवाळ्यात कालवा गोठला. गावाने बर्फावर स्केटिंगची शर्यत भरवली. प्रांताच्या वाहिनीने ती दाखवली आणि मी टिपली. विब्रन सगळ्यांच्या पुढे होता. पुलाखालून बाहेर पडला, अंतिम रेषा समोर दिसत होती, आणि तिथेच तो आडवा झाला. मागचे सगळे पुढे निघून गेले. मग तो उठला आणि लंगडत लंगडत शेवटचा पोहोचला.

"बर्फाला भेग होती," असं त्याने गावभर सांगितलं. गावाने मान डोलावली. पण माझ्याजवळच्या चित्रात भेग नव्हती. बर्फ ताटासारखा सपाट होता.

म्हणून विब्रनला ते रेकॉर्डिंग नको होतं. माझी जागा भरली की तो म्हणायचा, "ती शर्यत काढून टाक. दोन तास अडवून बसलीय."

"तुझ्या त्या ट्रॅक्टरने ओझं ओढण्याच्या स्पर्धा काढ आधी," हिस्के म्हणायची. "सतरा आहेत. शर्यत राहू दे. तू उठतोस ना, ते मला बघायचं असतं."

वर्षं गेली. माझ्या डोक्यावर फुलांची कुंडी आली, हवेची भोकं धुळीने बुजली. आतून मी तापू लागलो. डिस्क टकटक करू लागली, चित्राचे चौकोन पडू लागले. रोज वाटायचं, आजच थांबणार.

शेवटी हिस्केने आपल्या भाचीला, दाउत्सनला बोलावलं. ती कचेऱ्यांमधले संगणक दुरुस्त करते. शनिवारी दुपारी तिने मला टेबलावर घेतलं आणि कुंचल्याने धूळ झाडली.

"त्यापेक्षा नवाच घेऊ की," विब्रन म्हणाला.

"काका, नव्यात यातलं काहीच दिसणार नाही. ही रेकॉर्डिंगं फक्त याच डब्यात उघडतात. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल मोठ्या डिस्कवर करायची आणि ती याच्याच पोटात बसवायची."

"आणि नाही जमलं तर?" त्याच्या आवाजात मला चक्क आशा ऐकू आली.

डिस्क बाहेर निघाली. मी रिकामा पडून राहिलो. शेजारी दाउत्सनचा संगणक माझी बारा-तेरा वर्षं कण कण उतरवत होता. तीन तासांनी ती म्हणाली, "आत्या, बाकी सगळं आलं. एक जागा काही केल्या वाचता येत नाहीये. ती कुठल्या रेकॉर्डिंगमधली आहे, ते लावल्याशिवाय कळणार नाही."

नवी डिस्क बसली, मी सुरू झालो. हिस्केने आधी शर्यतच लावली. विब्रन पुलाखालून बाहेर आला, चित्र गोठलं, चौकोन झाले. मग एकदम तो गुडघ्यावरचा बर्फ झटकत उठताना दिसला. मधले अकरा सेकंद गेले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मध्ये काय झालं होतं?" दाउत्सनने विचारलं. "मी लहान होते तेव्हा."

विब्रनला भेग सांगता आली असती. ती खोटी ठरवणारं माझ्याजवळ आता काहीच नव्हतं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला.

"पडलो," तो म्हणाला. "भेगबिग काही नव्हती. जिंकलोच असं वाटलं. हिस्के बघतेय ना, ते बघायला मान वळवली आणि स्वतःच्याच पायात पाय अडकला."

हिस्के साखरपाव कापत होती. "माहीत आहे मला. चाळीस वेळा तरी बघितलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

"बारा वर्षं?"

"मला कुठे घाई होती," ती म्हणाली आणि पावाची जाड कड त्याच्या बशीत ठेवली.

मित्रांनो, माझ्या पोटात आता भरपूर जागा आहे, डोक्यावर कुंडी नाही. तरी मला चैन नाही, कारण नवी डिस्कही पहिल्या दिवसापासून झिजते. शर्यतीत चित्र अडखळलं की हल्ली विब्रन बोलू लागतो आणि उठण्याच्या जागी बरोबर थांबतो. पण प्रत्येक घरात मधलं सांगणारा माणूस असा समोर बसलेला नसतो. म्हणून टकटक ऐकू येण्याची वाट बघू नका. यंत्र धडधाकट आहे तोवर नक्कल करून ठेवा.