रक्तपेढीतलं सिरियल कार्ड

मित्रांनो, माझ्यासारखं तळहाताएवढं हिरवं कार्ड तुम्ही कदाचित पाहिलंही नसेल. मी सिरियल पोर्टचं, म्हणजे वायर जोडायच्या खाचेचं कार्ड. संगणकाच्या पोटात बसायचं आणि वायरीतून आलेलं बाहेरच्या यंत्राचं बोलणं आत पोचवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून मी थेट एका इस्पितळाच्या रक्तपेढीत आलो. रक्ताच्या फ्रिजचं तापमान मी संगणकाला सांगायचो. ते वाढलं की भोंगा वाजायचा. रक्तपेढी सांभाळणाऱ्या बाई कौतुकाने म्हणायच्या, "हा आमचा पहारेकरी!" मी फुगून जायचो.

मग तो संगणक जळाला. मला स्क्रूंच्या डब्यात टाकलं. झाकण वाजलं की वाटायचं, आला भंगारवाला!

शेवटी बाईंनी संगणक दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराला बोलावलं. त्याने लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा दुसरा संगणक आणला आणि मला त्यात बसवलं. वायर जोडली.

"चाललं का हो, भाऊजी?"

"वहिनी, कार्ड दिसतंय, पण पोर्ट काही उघडत नाही. मेलंय बहुतेक."

मेलंय? मला तर फ्रिजचे आकडे ऐकू येत होते, आणि ते चढत होते! पाच अंश. साडेपाच. सहा ओलांडलं की रक्त वापरता येत नाही. फ्रिजच्या दारावरचा तापमानाचा काटा मात्र चारवर अडकला होता, आणि त्याच्या भरवशावर बाई निर्धास्त होत्या. वरच्या मजल्यावर एका बाळंतिणीला याच पिशव्या लागणार होत्या. मी आतल्या आत तडफडत होतो. मला काढायला दीर पेचकस शोधू लागला.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "आमच्या पहारेकऱ्याने कधी दगा दिला नाही. एकदा नीट बघा ना."

दिराने लिनक्सने सुरू होताना दिलेले संदेश ओळीने वाचले. "अरेच्चा! लिनक्सने चारच पोर्टांची जागा ठेवलीये. चार या संगणकाची स्वतःचीच, आपलं पाचवं, म्हणून बाहेर राहिलंय."

त्याने सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जागा वाढवली आणि संगणक पुन्हा सुरू केला. तेवढा वेळ मी बहिरा होतो. तो काळोख मला अजून आठवतो.

पोर्ट उघडलं. पडद्यावर आकडा आला: पाच पूर्णांक नऊ दशांश.

"अगं बाई!" बाई धावल्या. दोघांनी भराभर पिशव्या दुसऱ्या फ्रिजमध्ये हलवल्या. रक्त वाचलं.

अजूनही कुणी संगणक उघडला की मी धास्तावतो. मित्रांनो, जुनी वस्तू गप्प झाली, तर लगेच मेली म्हणू नका. तिचं बोलणं कुठे अडलंय ते आधी बघा. कदाचित ती तुम्हालाच सावध करायला धडपडत असेल.