कच्च्या वहीतली अकरा मिनिटं

मला राग लवकर येतो. हे माझ्या नवऱ्यापासून प्रसूतिगृहातल्या झाडून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच मला नर्सच्या कामावरून, प्रसूतिकक्षातून उचलून संशोधनाच्या खोलीत बसवलं. माणसांशी भांडते ना, मग बस म्हणावं कागदांशी भांडत. तीन वर्षं झाली. दिवस गेलेली बाई नोंदवली की बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत तिचा माग ठेवायचा: रक्तदाब, अंगावरची सूज, धोका कितपत, बाळंतपण कसं झालं, बाळाचं वजन, दोघं कशी आहेत. प्रसूतिकक्षाच्या रजिस्टरमधून मी हे सगळं संगणकात उतरवते आणि बेचाळिसाव्या दिवशी आईला फोन करते. पाठीमागे मला चौकशीबाई म्हणतात.

त्या दिवशी घरी बसून कपड्यांना काजं-बटणं करणाऱ्या एका बाईला फोन लावला. रजिस्टरात तिच्या नावापुढे 'मृतजन्म' होतं. असे फोन मी भराभर उरकते. ताप, टाके, रक्तस्राव, संपलं. तीही सगळ्याला नीट हो-नाही म्हणत गेली. शेवटी म्हणाली, "ताई, माझी मुलगी रडली होती."

मग तिने सांगितलं की घरात कुणी हे ऐकून घेत नाही. सासू म्हणते, इंजेक्शनची गुंगी होती, तुला भास झाला. नवरा म्हणतो, कागदावर लिहिलंय ना. आता तो तिला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायच्या गोष्टी करत होता, आणि तिचं काही खरं नाही म्हणून चार वर्षांच्या थोरलीला तिच्या आत्याकडे नेऊन ठेवलं होतं. "मला वेड लागलंय का, तेवढं बघून सांगा," ती म्हणाली.

आमच्या प्रसूतिकक्षात दोन वह्या असतात. एक कच्ची, भिंतीला दोरीने टांगलेली. जिचे हात मोकळे असतील ती तिच्यात घडेल ते वेळेसकट खरडते. कामाची पाळी संपली की मोठ्या सिस्टर त्यातलं सुवाच्य अक्षरात पक्क्या रजिस्टरात उतरवतात. भरलेल्या कच्च्या वह्या बेसिनखाली पडतात आणि गठ्ठा झाला की रद्दीत जातात. मी स्वतः चार वर्षं त्या खोलीत काढली आहेत, ओल्या हातांनी त्याच वहीत लिहिलं आहे. तरी तीन वर्षांत एकदाही मला ती उघडून बघावीशी वाटली नाही. अक्षर चांगलं असलं की आम्हाला मजकूरही खरा वाटतो.

बेसिनखालून तिच्या तारखेची वही काढली. भर सकाळची नोंद होती. '११.१० मुलगी. रडली.' मग पुढे '११.२१ गेली.'

तिथे थांबले असते तर मी मी नसते. फरशीवर फतकल मारून अख्खा गठ्ठा उपसला. सहा महिन्यांत रजिस्टरात बावीस मृतजन्म होते. त्यातल्या तेरा बाळांपुढे कच्च्या वहीत काही ना काही होतं: रडलं, हात हलवला, दोन श्वास घेतले. ही तेराही बाळं 'पोटातच गेली' म्हणून माझ्याच बोटांनी संगणकात गेली होती.

मोठ्या सिस्टरांनी लपवाछपवी अजिबात केली नाही. जिवंत जन्मलेलं मूल गेलं की चौकशी लागते, कोण होतं, काय केलं, सगळं भरून द्यावं लागतं, इतका वेळ कुणाला आहे, असं त्यांनी मलाच विचारलं. शिवाय आईच्याही भल्याचंच असतं, म्हणाल्या. जन्मलंच नाही म्हटलं की बायका लवकर विसरतात. बाळाला श्वास द्यायची पिशवी त्या वेळी वापरली का, असं मी विचारलं. ती कपाटात होती. बाहेर ठेवली की हरवते म्हणून कपाटाला कुलूप होतं.

मी वही घेऊन संशोधनाच्या मॅडमकडे गेले. त्यांचा अहवाल पुढच्या आठवड्यात जायचा होता. बाळं बहुतेक पोटातच जातात, तेव्हा गरोदरपणातल्या तपासण्यांवर भर द्या, प्रसूतिकक्षात सुधारण्यासारखं फारसं काही नाही, असा त्याचा निष्कर्ष. मॅडमनी चष्मा काढला, तेरा नोंदी शांतपणे वाचल्या. "एकूण आकडा तर तोच राहतो ना," त्या म्हणाल्या. "मृतजन्म काय नि जन्मून गेलं काय, दोन्ही रकान्यांत मूल गेलेलंच आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मॅडम, एका रकान्यातलं आपल्या डोळ्यांसमोर गेलं," मी म्हणाले.

कच्ची वही पुरावा म्हणून धरत नाहीत, पुढच्या टप्प्यात बघू, अशी त्यांनी माझी समजूत काढली. पुढचा टप्पा दोन वर्षांनी. मी वही काखोटीला मारली. ठेवा ती तिथे, त्या म्हणाल्या. मी ठेवली नाही. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो, म्हणत तशीच बाहेर पडले.

दुपारी त्या काजं-बटणं करणाऱ्या बाईचं घर गाठलं. जिना चढून एकच खोली, खिडकीपाशी शिलाई मशीन, त्यावर बटणं लावायच्या शर्टांचा ढीग. नवरा घरी होता, सासू भाजी निवडत होती. मी कोण ते सांगितलं आणि सगळ्यांसमोर ती ओळ वाचून दाखवली. नवऱ्याने वही माझ्या हातून घेतली, ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचली आणि मान खाली घातली.

सासू म्हणाली, "मी दाराशीच होते. मीही ऐकलं होतं."

सिस्टरांनी तिला सांगितलं होतं, भास झाला म्हणा, पोर लवकर सावरेल. म्हणून तिने तोंड मिटून घेतलं होतं. तिला सुनावायला माझी जीभ शिवशिवत होती, पण सुनेने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरलीला आत्ताच्या आत्ता घेऊन या, एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. तो चप्पल अडकवून निघाला.

मग तिने वही मांडीवर घेतली. "अकरा मिनिटं होती ती," ती म्हणाली. "त्या अकरा मिनिटांत काय केलं तिचं?"

दोन नोंदींच्या मध्ये एकच ओळ होती, तीही दुसऱ्या बाईची: '११.१४ खाट दोन, कळा वाढल्या.' समजूत काढायचं काम मी वर्षानुवर्षं केलं आहे, वाक्यं पाठ आहेत. त्यातलं एकही मी तिला ऐकवलं नाही.

"काही केलेलं लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "श्वास द्यायची पिशवी असते. ती कपाटात होती, कुलपात."

"कुलूप कुणी लावलं?"

'मोठ्या सिस्टरांनी' म्हणून मोकळी झाले असते. खोटंही नव्हतं ते. पण मी प्रसूतिकक्षात होते तेव्हा किल्ली माझ्या कमरेला असायची, आणि पिशवी हरवू नये म्हणून चार वर्षं ते कपाट मीच रोज बंद केलं होतं. कुणाच्या बाळाला ती हवी होती का, हे मी कधी मोजलं नाही. हे सगळं मी तिला सांगितलं.

तिने वही तशीच उघडी माझ्यापुढे सरकवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग तेही लिहा," ती म्हणाली.