भटूची कुजबुज

छगनभाई दलाल घर दाखवायला नेहमी भरदुपारीच नेतो, हे भटूला पहिल्यापासून खटकत होतं. कतारगामातली ती लहानशी सोसायटी त्या वेळी जेवूनखाऊन गपगार झोपलेली असायची. घर विकायचं तर उजळ माथ्याने, चारचौघांदेखत विकावं. हे असं दबकत जाणं कशाला? वर छगनभाईची ताकीद वेगळीच. गल्लीत बोलायचं नाही, विचारायचं ते मी विचारीन, आणि वहिनींना एवढ्यात आणू नका.

भटूचा संशय काही हवेतून आलेला नव्हता. खानदेशातलं गाव सोडून तो सुरतेत सांच्यावर, म्हणजे पॉवरलूमवर लागला, त्याला जमाना झाला. मध्यंतरी एक प्लॉट घेतला, तर तो आधीच दुसऱ्या दोघांना विकलेला निघाला. एकदा दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकूनच पिणार. त्यात शेजारच्या सांच्यावरचा धुडकू रोज आगीत तेल ओतायचा. म्हणायचा, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो खरा, पण दलाल दोन्हीकडे जेवून उठतो. आणि एवढ्या स्वस्तात कोण घर देतं? गेल्या साली प्लेगमध्ये तिथं कोणी गेलं नसेल कशावरून? झालं, भटूची झोप उडाली. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, कोपरे हुंगले, छताकडे मान दुखेपर्यंत बघितलं. काही सापडलं नाही, म्हणून तर तो जास्तच घाबरला.

घर मात्र जीव लागावा असं होतं. दोन खोल्या, मागे धुण्याभांड्याची मोरी आणि घरात स्वतःचा नळ. सध्याच्या बमरोलीतल्या चाळीत पाण्यासाठी रोज भांडून घसा बसवून घेणारी त्याची बायको धुरपदाबाई त्या नळाचं नुसतं ऐकूनच हरखली होती. हंडे कुठं ठेवायचे तेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं. तिचा तो आनंद पाहून भटूला एकच घोर लागायचा. पुन्हा फसलो तर हिला काय सांगायचं?

बानाखत, म्हणजे विक्रीचा करार करायच्या दिवशी भटू मुद्दाम धुरपदाबाईला घेऊनच गेला. तिचं नऊवारी लुगडं पाहताच छगनभाईच्या कपाळाला आठी पडली. भटूने ती बरोबर टिपली. छगनभाईने दोघांना लिंबाखाली थांबवलं आणि एकटाच घरमालकिणीकडे गेला. लीलाबेन मुलाकडे बडोद्याला राहायला निघाली होती. ती दारात आली आणि दोघं हलक्या आवाजात बोलू लागले.

पण सांच्यावाल्यापुढे हलका आवाज काय कामाचा? कारखान्याच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथले सगळे लांबून ओठ वाचतात. भटूने छगनभाईचे वाचले.

"सही थाय त्यां सुधी कहेता नही."

सही होईपर्यंत सांगू नका. लीलाबेनने मान हलवली.

भटूच्या मस्तकात तिडीक गेली. छगनभाई परतताच त्याने त्याचा दंड धरला. तमाशा नको म्हणून बिचाऱ्याने आवाज अगदी खाली आणला.

"छगनभाई, घरमा काय खोट शे? तू मन्हापाइन काय दपाडी राह्यना? सांचावर उभा राहीसन पै-पै जोडेल शे मी."

काय लपवतोस हे असं विचारणं, त्याच्या मते, कुजबुज होती. उभी हयात सांच्यापुढे ओरडत काढलेल्या माणसाची कुजबुज ती. ओट्यावरचं कुत्रं दचकून उठलं. एक खिडकी उघडली, मग दुसरी. धुरपदाबाईने त्याची बाही ओढून हळू बोला म्हटलं, तर हळूच तर बोलतोय, असं तो तिच्यावरच गरजला. समोरच्या घराच्या जाळीआड सोसायटीचे म्हातारे प्रमुख येऊन उभे राहिले.

छगनभाईने डोळे मिटून घेतले. तो रागावलाही नाही. म्हणाला, "घरात काही खोट नाही, भटूभाऊ. इथं कारखान्यातला, खानदेशातला माणूस नको म्हणतात. प्रमुखांना सांगू नका म्हणत होतो मी. एकदा सही झाली असती, तर मग कोण काय करणार होतं?"

भटूचा हात त्याच्या दंडावरून खाली आला. हे आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं.

"सांगितलं असतं, तर तुम्ही पाऊल टाकलं असतं इथं?"

टाकलं नसतं, हे भटूलाही ठाऊक होतं. जो आपल्याला इतके दिवस जपून आणत होता त्याच्यावरच संशय घेतला, आणि घर घालवलं ते स्वतःच्याच तोंडाने. त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली.

प्रमुख लीलाबेनच्या दारात जाऊन बोलू लागले होते. इतक्या लांबून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. भटूला मात्र ओठांवरचं सगळं दिसत होतं. लीलाबेन दोनदा काहीतरी सांगू पाहत होती. मग तिने मान खाली घातली आणि दार लावून घेतलं.

"काय म्हने तो?" धुरपदाबाईने विचारलं. तिची नजर अजून त्या बंद दारावर होती.

भटूने सांगितलं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज खरोखर हळू निघाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या धुरपदाबाईला तो ऐकूच आला नाही.