डावीकडची हाक

थोरला भाऊ भर सामन्यात कोसळला आणि मैदानावरच गेला, तेव्हा दोघे भाऊ एकाच फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळायचे, थोरला डावीकडे. त्यानंतर धाकट्याने क्लबामागून क्लब बदलले, पण गोलासमोर आला, की डावीकडून हाक यायची, "सोड रे, मी आहे!" आणि हा चेंडू रिकाम्या जागेत ढकलायचा.

"तिकडे कोण तुझा काका उभा आहे?" प्रत्येक प्रशिक्षक खेकसायचा आणि हंगाम संपताच त्याला नारळ द्यायचा.

यंदा शेवटच्या सामन्यात हाक आली, तेव्हा काळजावर दगड ठेवून त्याने स्वतःच फटका मारला. गोल झाला. सगळे त्याच्या अंगावर पडले. त्या ओझ्याखाली तो कान देऊन पडून राहिला. डावीकडे कोणीच नव्हतं.

"गोल केलात ना? मग हसा की!" बायको फोनवर म्हणाली.

"दादा गेला गं आज," तो म्हणाला.