मुकी चाल

आमच्या बँडचे कपडे मी एकतीस वर्षं धुतले. लाल कोट, सोनेरी फीत, पितळी बटणं. पंधरा कोटांपासून सुरुवात केली होती, ते होता होता सातांवर आले, आणि गेल्या वर्षापासून तर ते सातही ट्रंकेत पडून होते. लोक म्हणायचे, डीजे आले आणि बँड गेले. मी म्हणते, डीजेनं काय जायचं? आमचा बँड एका माणसाच्या एका वाक्यानं बसला. ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बँडचे मास्तर म्हणजे माझे मालक, अभिमन्यू. क्लॅरिनेट वाजवतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये घाटनांदूरच्या पलीकडे एक लग्न होतं. वरातीत पुढे डीजेची गाडी आणि मागे आमची सात माणसं. बॉक्स सुरू झाले तसा आमचा आवाज आमच्याच माणसांना ऐकू येईना. तेवढ्यात नवरदेवाचा मामा मागे आला आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, वाजवू नका. नुस्तं तोंडाला लावून चाला. फोटोत बरं दिसतं."

आणि मास्तर चालले. मारुतीपासून मांडवापर्यंत क्लॅरिनेट ओठांना लावून, बोटं हलवत, आत फुंक न घालता. घरी आल्यावर त्यांनी ते पेटीत ठेवलं आणि वर माझी जुनी लुगडी टाकली. तेव्हापासून चौदा महिने ती पेटी उघडली नाही. मी समजावलं, भांडले, दोन दिवस अबोलाही धरून पाहिला, जो माझ्याच्यानं होत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, आमच्या शहाण्याला तो जरा जास्तच लागला. माणूस जेवत होता, शेतावर जात होता, हसतही होता, पण घरात सूर नव्हता. मला त्या घराची भीती वाटायला लागली होती.

यंदाच्या मे महिन्यात मोहनरावांची नात प्रियदर्शनी आमच्या दारात स्कूटी लावून उतरली. मोहनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, एकेकाळचे सभापती. त्यांची नात पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी डीजे वाजवते. डीजे म्हटल्यावर मी चहात साखर हात राखूनच घातली. पोरगी मात्र गोड होती. ओट्यावर मांडी घालून बसली आणि सांगायला लागली, की आजोबांच्या आमराईत तिला उन्हाळ्याची पार्टी करायची आहे, दुपारी चार ते रात्री साडेनऊ. फंक आणि ब्रेकबीट, असलं नाचायचं इंग्रजी संगीत. तीन डीजे, पुण्याचे दोन बँड, आणि तिसरा बँड आमचा हवा.

आमच्या बँडचा साइड ड्रमवाला म्हाळू तिथंच सुपारी कातरत बसला होता. त्यानं विचारलं, ब्रेकबीट म्हणजे काय असतं? ती म्हणाली, गाणं भरात आलं की बाकीची सगळी वाद्यं गप्प होतात आणि एकटा ड्रम वाजत राहतो. तोच तुकडा लोकांना सगळ्यात जास्त आवडतो, त्याच्यावरच लोक नाचतात. म्हाळूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्याकडेही वाद्यं गप्प होतात आणि ड्रम वाजतो, पण त्याच्यावर कोणी नाचत नाही.

आम्ही तिला मुकी चाल म्हणतो. वरात एखाद्या सुतकाच्या घरावरून जायची असली, की मास्तर हात वर करतात. हात वर झाला की फुंकणं बंद. फक्त साइड ड्रमच्या काठावर काडीनं टकटक चालू राहते, कारण पावलं जुळलेली राहिली पाहिजेत. घर मागं पडलं की मास्तर क्लॅरिनेटवर चार सुरांची खूण देतात आणि मग सगळे उचलतात. त्या चार सुरांशिवाय कोणी फुंकायचं नाही, हा मास्तरांच्या वडिलांचा नेम. थांबवायला हात पुरतो, सुरू करायला क्लॅरिनेटच लागतं.

मास्तर उंबऱ्यात बसून हे सगळं ऐकत होते. मग म्हणाले, पोरं येतील, त्यांनाही वाजवून वर्ष झालंय. मी पुढं उभा राहून हातानं चाल देईन. क्लॅरिनेट वाजवणार नाही. प्रियदर्शनीनं कारण विचारलं नाही, आणि तिथं ती मला आवडली. पुढच्या कपात मी साखर बरोबर घातली.

पार्टीच्या दिवशी मी कोटांना इस्त्री केली, आणि कपड्यांच्या पिशवीच्या तळाशी क्लॅरिनेटची पेटी ठेवून वर टॉवेल झाकला. मास्तरांना सांगितलं नाही. वाजवणार नाहीत हे मला कळत होतं, पण सैन्यानं लढाईला जाताना तलवार घरी ठेवावी हे मला पटत नव्हतं.

आमराईत चारशे-पाचशे पोरं-पोरी जमली होती. पुण्याची, संभाजीनगरची, लातूरची, काही बीडच्या क्लासला दांडी मारून आलेली. कोणाची पँट गुडघ्यावर फाटलेली, तर कोणाचा शर्ट आपल्या गोधडीच्या कापडाचा. त्या उन्हात पोरं अशी नाचत होती की मला त्यांच्या आयांची काळजी वाटली. पुण्याच्या बँडमध्ये एक जाड तारांची गिटार होती, ती वाजली की पोटातलं पाणी हलायचं. मी तोंड वाकडं करून बसले होते, पण पाय माझं ऐकत नव्हता, तो आपला ताल धरून बसला होता.

साडेसहाला आमच्या माणसांना स्टेजवर बोलावलं. प्रियदर्शनी आपल्या यंत्रामागे उभी राहिली. म्हाळूनं चार काड्या मारल्या आणि युवराजच्या ट्रम्पेटनं चाल उचलली, तीच आपली लग्नातली चाल. माझा जीव मुठीत होता, आता ही बॉक्स वाढवणार आणि आमच्या माणसांना गिळणार. पण तिनं आपला आवाज आमच्या खाली ठेवला. ढोलाला खालून नुसता टेकू दिला. मास्तर पाठमोरे, हातानं चाल देत होते, आणि त्यांचे खांदे मला चौदा महिन्यांनी ओळखीचे दिसले. पोरं हात वर करून नाचत होती. मला रडू आलं, मी ते घामात पुसलं.

तेवढ्यात वारं सुटलं. स्टेजच्या मागं लावलेला काळा पडदा एका बाजूनं सुटून वर उडाला, आणि मागचं सगळं दिसलं. बांध, बांधापलीकडे वाट, आणि वाटेला लागून तुळजाबाईचं पत्र्याचं घर.

तुळजाबाईचा नवरा जाऊन नववा दिवस होता. ऊसतोडीवरून एप्रिलमध्ये परत आलेला माणूस, ऊन लागून गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं, आमचे लोक मातीला जाऊनही आले होते. पण आम्ही आमराईत समोरच्या फाटकानं आलो, आणि पडद्यामागं काय आहे ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. घरासमोर चार बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मास्तरांचा हात वर गेला.

फुंकणं बंद झालं, ढोल थांबला, आणि प्रियदर्शनीनंही आपला आवाज काढून घेतला. म्हाळूच्या काड्या आपोआप ड्रमच्या काठावर सरकल्या, टकटक, टकटक. नेहमी ती टकटक दहा पावलांवर ऐकू येत नाही. पण इथं ड्रमला माइक लावला होता, त्यामुळे ती आमराईभर घुमली. आणि ती पाचशे पोरं आनंदानं ओरडली. त्यांना वाटलं, हाच तो ब्रेक. जी आधी बसली होती तीही उठली. आयुष्यात मी बरंच काही पाहिलंय, पण मुक्या चालीवर माणसं नाचताना पहिल्यांदा पाहिली. म्हाळूचा चेहरा असा झाला होता, जणू त्याच्या हातून पाप घडतंय आणि हात थांबवता येत नाही.

थांबवता येतच नव्हता. वरातीत वीस पावलं टाकली की घर मागं पडतं. स्टेज काही चालत नाही. पाच मिनिटं झाली तरी तुळजाबाईचं घर तिथंच होतं. मास्तरांचा हात वर, युवराजचं ट्रम्पेट छातीशी, म्हाळूची टकटक चालू, आणि समोर पोरं बेभान.

प्रियदर्शनी हसत मास्तरांजवळ आली, लई भारी म्हणाली, आणि मग त्यांचा चेहरा बघून तिनं काय झालं विचारलं. मास्तरांनी पडद्याकडे बोट केलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, आजोबांनी त्या घरी विचारायला गडी पाठवला होता. मी स्टेजच्या कडेलाच होते. मी म्हटलं, "इचारायला न्हाई बाई, सांगायला पाठीवला आसंल." तिचा चेहरा उतरला. तिनं यंत्राकडे जाऊन सगळे बॉक्स बंद केले. आता नुसती काठावरची खरी टकटक उरली, अगदी बारीक. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती रडवेली होऊन म्हणाली, "मास्तर, आता काय करायचं? घरी जायचं का सगळ्यांनी?"

"घर मागं टाकायचं," मास्तर म्हणाले. "दुसरं काय."

आणि ते स्टेजवरून उतरले. हात तसाच वर. त्यांच्या मागं म्हाळू, मग युवराज, मग बाकीचे, दोन-दोनच्या रांगेत, वरातीसारखे. बांधावरून वाटेला लागले. प्रियदर्शनीनं माइकवर काहीतरी सांगितलं, मला ते नीट ऐकू आलं नाही, पण ती स्वतः चप्पल काढून रांगेच्या मागं चालायला लागली, आणि तिच्या मागं ती सगळी फाटक्या पँटची पोरं. पाचशे माणसं, आणि आवाज फक्त एका काडीचा.

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं. घर मागं पडल्यावर चार सूर कोण देणार? मास्तर रिकाम्या हातानं निघाले होते. मी पिशवी उपसली, पेटी उघडली. क्लॅरिनेट होतं, पण त्याच्या तोंडाशी बसवायची वेताची पत्ती चौदा महिने सुकून खडखडीत झालेली. पत्ती तोंडात धरून चांगली भिजवल्याशिवाय सूर निघत नाही, आणि त्याला चार-पाच मिनिटं तरी लागतात. वेळ कुठं होता? मी पत्ती माझ्याच तोंडात धरली, क्लॅरिनेट पदराखाली घेतलं आणि धावत रांग गाठली.

घाटनांदूरकडच्या त्या वरातीत मास्तर गप्प चालले होते ते कोणीतरी गप्प केलं म्हणून. आज ते स्वतः गप्प होते, आणि त्यांच्यामागं पाचशे माणसं गप्प होती. मी मागून त्यांची मान बघत होते. ती मान ताठ होती.

तुळजाबाईच्या घराशी आलो तेव्हा ती दारात उभी होती. मास्तरांनी मान लववून नमस्कार केला आणि न थांबता पुढं गेले. मी शेजारून जाताना तिनं माझा हात धरला. "विजयमालाबाय," ती म्हणाली, "चार वाजल्यापासून पत्रे थरथरत हुते. कुनी थांबलं न्हाई. तुमी थांबलात."

मला तिला खूप काही सांगायचं होतं. पण तोंडात पत्ती होती. जिची जीभ गावात प्रसिद्ध, तिला नेमकं तेव्हा एक शब्द बोलता येईना. मी नुसता तिचा हात दाबला. ती म्हणाली, "पुढं गेल्यावर वाजवा म्हनावं. त्यांना मास्तरचं क्लारनेट लई आवडायचं. मी ऐकते."

लिंबाच्या झाडापाशी घर मागं पडलं. मास्तर थांबले आणि त्यांचा हात खाली आला. म्हाळूची काडीही थांबली. सगळे मास्तरांकडे बघत होते. युवराजनं ट्रम्पेट ओठाजवळ नेलं आणि पुन्हा खाली घेतलं. नेम म्हणजे नेम. मास्तरांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराखालून क्लॅरिनेट काढलं.

मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी माझ्या गालाकडे पाहिलं, गाल फुगलेला होता, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत कधी माझ्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. तिथं, त्या पाचशे पोरांसमोर, त्यांनी माझ्या हनुवटीला टेकवून हात धरला आणि मी पत्ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बसवली, स्क्रू आवळले, डोळे मिटले.

पहिला सूर फाटला. दुसरा कापरा निघाला. तिसरा धरला. चौथा असा लागला की मागं तुळजाबाईच्या दारातल्या चारही बायका उठून उभ्या राहिल्या. मग युवराजनं उचललं, ढोलानं उचललं, आणि ती पोरं वाटेच्या धुरळ्यात नाचायला लागली. आमराईत परत जायचं कोणालाच सुचेना. प्रियदर्शनी, जी पुण्याहून तीन डीजे घेऊन आली होती, ती अनवाणी आमच्या खुळखुळ्यावाल्याजवळ उभी राहून टाळ्यांनी ताल देत होती.

माझं तोंड आता मोकळं होतं. चौदा महिने साठवलेलं किती बोलायचं होतं मला त्या माणसाला. पण मी लिंबाखाली उभी राहिले, आणि ऐकत राहिले.